दोरीपलीकडून दिलेली किल्ली

गिरगावात ज्या मांडवाखाली लोकांच्या मुलींची लग्नं लागली, त्याच मांडवाखाली माझ्या काकीला, ताप नसताना ताप आहे म्हणून, बसवून ठेवलं होतं. लाल कनात, तिला पिवळी झालर, आणि एका खांबाला कुठल्या तरी लग्नातलं आंब्याच्या पानांचं वाळून कोळपलेलं तोरण. मी दोरीच्या अलीकडे उभा होतो, ती पलीकडे. धक्क्यावर बोट सुटायच्या बेतात होती. काकीच्या हातात आमच्या गावच्या घराची किल्ली होती.

हे मी दोनदा पत्रकात लिहायला घेतलं आणि दोन्ही वेळा फाडून टाकलं. पत्रकात काय लिहायचं ते मला नेमकं ठाऊक असतं. कोण लुबाडतो, कसा लुबाडतो, वाचणाऱ्यानं आता काय करावं. किल्ली त्यात कुठे बसवायची ते मला काही कळेना. म्हणून इथे आठवेल तसं लिहितो.

काकी म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्याची बायको. माझी आई मी लहान असतानाच गेली, पाठोपाठ वडील. चुलता आगबोटीवर खलाशी होऊन गेला. बंदरावर एकजण असायचा. खाडीकाठच्या गावांतली पोरं गोळा करून बोटींवर चढवणं हा त्याचा धंदा. बोटवाल्यांकडून दर पोरामागे घ्यायचा, पोराकडूनही घ्यायचा. त्यानं चुलत्याला चढवलं. चुलता गेला तो गेलाच. मेल्याची खबर नाही, जिवंत असल्याचीही नाही. काकी रोज कुंकू लावायची, आणि ते पूस म्हणायची लालबागेत कुणाची छाती नव्हती.

गावात दोघांचं पोट भरेना म्हणून घराला कुलूप घालून, मला बखोटीला धरून ती मुंबईला आली. लालबागेत एका चाळीतली तळमजल्याची खोली घेतली आणि खानावळ घातली. आमच्या गावचे नि आजूबाजूचे गडी गिरणीत होते. एका खोलीत पाळीपाळीनं झोपायचे आणि काकीकडे जेवायचे. सगळे तिला मावशी म्हणत. खोलीला एकच खिडकी, तीही शेजारच्या भिंतीकडे तोंड करून. चुलीचा धूर जायला वाट नाही. त्यामुळे काकीचे डोळे बारा महिने लाल. लहानपणी मला वाटायचं, ती मी नसताना रडते. मग कळलं की रडायला तिला सवडच नसते.

भिंतीत एक खिळा होता आणि खिळ्यावर घराची किल्ली. एवढी लांब, काळी, वजनदार. दिवेलागणीला काकी दिव्याला हात जोडायची आणि त्याच हाताने किल्लीला बोट लावून बोट कपाळाला टेकवायची. एखादा नवा गडी विचारायचा, "मावशी, ह्यो कुठला देव?"

"तुझा बाप," काकी म्हणायची. "जेव गप."

त्या किल्लीनं जे दार उघडतं ते मला अजून डोळे मिटले की दिसतं. दाराच्या डाव्या चौकटीला बोटभर खाच होती. खाली सारवलेला उंबरा. पुढे अंगण, अंगणाच्या कडेला रातांबा. अंगण आमचं आणि चुलत घराचं सामाईक. मध्ये भिंत नाही, नुसती दगडांची एक ओळ. दुपारी त्या दगडांवर आमसुलं वाळत घातलेली असायची आणि त्यांचा आंबट वास घरभर. गिरगावात मी छापखान्यात मुद्रितं तपासायला लागलो, शाईच्या वासात दिवस काढू लागलो, तरी दुपारी एखादा खिळे जुळवणारा डब्यातलं आमसुलाचं सार उघडायचा आणि माझ्यापुढची ओळ हलायची. शहाण्यासुरत्या माणसानं असल्या गोष्टी लिहू नयेत म्हणतात. मी लिहितो.

आता पालखीचं सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच आहे. आमच्याकडे शिमग्यात ग्रामदेवीची पालखी घरोघर येते. आमच्या अंगणात ती खाली ठेवायचा मान आमच्या घराचा, कारण आम्ही थोरली पाती, भावकीतली मोठी शाखा. घरची सवाशीण उंबऱ्यातून उतरते, देवीची ओटी भरते, मग गुरव घरादाराच्या नावानं गाऱ्हाणं घालतो. घराला कुलूप असेल तर पालखी त्या घरापुढे टेकत नाही. भोई नुसते वळतात. लागोपाठ तीन शिमगे पालखी बंद दारावरून वळली की गावकी तो मान पुढच्या घराला देते. पुढचं घर म्हणजे दगडांच्या ओळीपलीकडचं, काकीच्या चुलत जावेचं. त्या दोघींचं बोलणं मी पाळण्यात असल्यापासून बंद. काकी तिचं नाव घेत नसे. "पलीकडची" म्हणायची.

दोन शिमगे काकी जाऊ शकली नव्हती. एकदा ती स्वतः आजारी. एकदा मुकादमानं ऐन फाल्गुनात नवी माणसं आणली आणि त्यांना जेवू घालायला कुणी नव्हतं. हा मुकादम गावोगाव फिरून माणसं आणायचा, गिरणीत लावायचा, लावल्याची दस्तुरी घ्यायचा आणि मग काकीकडे जेवायला बसवायचा. काकी त्याला भली वाटायची. का, ते मी लहान असतानाच ओळखलं होतं. ज्याला घरच्यासारखी आमटी मिळते तो पळून जात नाही.

तो तिसरा शिमगा. "या वर्षी बोटीखाली लोंबकळत जाईन, पण जाईन," असं काकीनं दिवाळीतच सांगून टाकलं होतं.

आणि त्याच हिवाळ्यात गाठीचा ताप, म्हणजे प्लेग आला.

पहिल्यांदा मांडवीकडे, मग हळूहळू वर. गिरगावातल्या वाड्या रिकाम्या व्हायला लागल्या. सकाळी छापखान्यात जाताना एक दार बंद दिसायचं, परतताना चार. दारांवर पाहणीवाल्यांच्या खुणा. ज्यांची गावं होती ते गावी पळाले. ज्यांची नव्हती ते माहीम-वांद्र्याकडे झोपड्या बांधून राहिले आणि ज्या जमिनीत काल भाजी होती तिचं भाडं देऊ लागले. माणूस पळायला लागला की त्याच्या वाटेवर माणसं दुकान घालतात, हे मी त्या दिवसांत उघड्या डोळ्यांनी पाहिलं. कापराच्या पुड्या गळ्यात बांधायला विकल्या. खटारेवाल्यांनी बैल तेच ठेवून भाव बदलले. तापाच्या औषधाच्या बाटल्यांवरची चिठ्ठी आमच्याच छापखान्यात छापली, आणि आत काय आहे म्हणून विचारल्यावर बाटलीवाला म्हणाला, "आत आशा आहे हो, आशा." आम्ही सगळे हसलो. मीही हसलो, कारण बोललाच होता तसा.

त्याच दिवसांत एक मांडववाला छापखान्यात आला. त्याला सगळं गिरगाव ओळखायचं. मांडव, कनाती, गाद्या, हंड्या-झुंबरं भाड्यानं देणारा. अंगावर धुवट सदरा, कपाळी गंध, बोलणं साखरेसारखं. लग्नसराई सगळी बुडाली होती. मुंबईत त्या वर्षी नवरदेव मिळाला तरी वऱ्हाड मिळत नव्हतं. त्याचे मांडव वखारीत पडून होते. त्यानं मला नवा मजकूर दिला: परगावी जाणाऱ्या मंडळींसाठी धक्क्यावर सावलीची, पाण्याची व बसण्याची सोय.

"धक्क्यावर मांडव?" मी विचारलं.

"मग? ऊन किती आहे. बायकामुलं उन्हात तळतात. मला बघवत नाही."

"फुकट?"

तो माझ्याकडे बघून हसला. "अहो पत्रकवाले, तुमचं पत्रक तरी फुकट छापतात का हे?"

खरं काय ते मी धक्क्यावर जाऊन पाहिलं. कोकणच्या बोटींची तिकिटं खिडकीवर मिळतात असं लिहिलेलं होतं, पण खिडकीवर गर्दी एवढी की तिथे पोचणं नाही. बोट लागली की खिडकीचा माणूस मांडवात यायचा आणि मांडवात बसलेल्यांना आधी चढवायचा. उन्हात बसलेल्यांना "पुढच्या बोटीनं" म्हणायचा. तेव्हा मांडवाखाली जे विकलं जात होतं ती सावली नव्हती, पाणीही नव्हतं. बोटीतली जागा विकली जात होती, ज्याची त्याची भीती बघून. चटईचं वेगळं, पाण्याचं वेगळं, भाकरीचं वेगळं. दोन दिवस बसलेला माणूस गावी न्यायला साठवलेलं सगळं तिथेच संपवायचा आणि मांडववाला त्याला "सुखरूप जा हो" म्हणून नमस्कार करायचा.

मी पत्रक लिहिलं. मला वाटतं ते बरं जमलं होतं. आम्ही चौघे मित्र ते घेऊन धक्क्यावर गेलो. मांडववाल्यानं आम्हाला हाकललं नाही. उलट माझ्या हातातली अर्धी चळत स्वतः घेतली आणि बसलेल्यांत वाटून दिली.

"वाचा हो मंडळी, आमच्या गिरगावच्या पोरानं लिहिलंय." मग माझ्या कानाशी म्हणाला, "तुम्ही लिहीत जा. बसून बसून कंटाळतात बिचारे."

एका म्हाताऱ्यानं पत्रक उलटसुलट पाहिलं, नीट घडी केली आणि बुडाखाली घेतलं. धक्क्याचा दगड गार होता. त्याचं बरोबरच होतं.

इकडे लालबागेत मुकादम काकीच्या दाराशी येऊन बसायला लागला. गडी भराभर चालले होते. गिरण्यांना माणसं मिळेनात. नाक्यानाक्यावर मुकादम उभे राहून रोजच्या रोज रोख द्यायची बोली लावत होते. ज्या माणसांना एरवी मागचा पगार अडकवून धरून ठेवायचे, त्यांच्यामागे आता हात जोडत फिरत होते. त्यानं काकीला हात जोडले.

"मावशी, तू गेलीस तर उरलेले पण जातील."

"जातील तर जातील. त्यांना काय मी बांधून ठेवलंय?"

"तुझी आमटी बांधून ठेवते ना."

"मग गिरणीवाल्याला सांग, आमटी शिक म्हणावं."

"गावी काय हाय मावशी आता? घर ते पण बंद."

काकीनं भाकरी तव्यावर टाकली. "बंद हाय म्हणूनच जातंय," म्हणाली.

तिच्या गावचा एक साचेवाला होता, साच्यावर कापड विणणारा, आमच्या वरच्या आळीतला. हा खानावळीतला सगळ्यांत चेष्टेखोर. त्यानं मांडवात आठ-दहा गावकऱ्यांची जागा धरली, काकीचीही. माझी नाही, मी जाणार नव्हतो. जाणाऱ्यांसाठी मुंबईत उभं राहून बोलणारं कुणीतरी हवं, असं माझं मत होतं, आणि आहे. पण साचेवाल्यानं विचारलं, "तू रे? तुला न्हाय आठवण येत घराची?" तेव्हा मी काहीतरी मोठं बोललो आणि त्यानं ऐकून घेतलं. अंगणातला रातांबा त्या वेळी हिरव्या फळांनी लगडला असेल हे मी त्याला सांगितलं नाही.

निघायच्या दिवशी काकी पहाटे उठली आणि तिनं मोठी चूल पेटवली. मांडवातली भाकरी विकत घेऊन आपली माणसं गावी जाणार हे तिला चालणारं नव्हतं. इतकी वर्षं तिच्याकडून शिदोरी घेतल्याशिवाय एकही गडी मुंबईतून गेलेला नव्हता. सगळ्यांच्या वाटणीच्या भाकऱ्या, ठेचा, सुक्या जवळ्याची चटणी. मी पोचलो तेव्हा खोलीत धूर एवढा की ती दिसत नव्हती, नुसते थापण्याचे आवाज येत होते. "बस कर काकी," मी म्हटलं, "बोट पकडायची आहे." ती म्हणाली, "आणखी एक घाणा." मग तिनं खिळ्यावरची किल्ली काढून कनवटीला लावली, भाकऱ्यांची टोपली डोक्यावर घेतली, आणि आम्ही भर उन्हात धक्क्याकडे निघालो. टोपली मी मागितली तर दिली नाही.

धक्क्यावर तापाची पाहणी असायची. पुरुषांना डॉक्टर बघायचा, बायकांना एक गोरी मड्डम. ती कपाळावर आणि मनगटावर हात ठेवायची, डोळ्यांत बघायची, की पुढे. लाल डोळे आणि तापलेलं अंग ही गाठीच्या तापाची खूण. काकी तिच्यापुढे उभी राहिली. पहाटेपासून चुलीपुढे बसलेली, टोपली घेऊन उन्हातून आलेली, डोळे धुरानं लालबुंद. मड्डमनं हात ठेवला आणि काढला. पुन्हा ठेवला. मग तिनं शिपायाला खूण केली.

काकीला कळेचना. ती तिला सांगत होती, "चूल ग बाय, चूल. भाकऱ्या केल्या मी." आणि हात पुढे करून थापण्याची खूण करून दाखवत होती. मड्डमनं मान हलवली. मला वाटतं तिला ती हातवारे करणारी, तापात बरळणारी बाई दिसली असावी. मी पुढे झालो, इंग्रजीत बोललो. मला इंग्रजी लिहायला येतं, बोलताना अडखळतो. ती म्हणाली की एवढंच असेल तर देखरेखीखाली ठेवल्यावर दिसेलच. तिचं बोलणं उद्धट नव्हतं.

देखरेखीचं ठिकाण धक्क्याच्याच टोकाला होतं. दोरी लावलेली, आणि आत मांडव. तोच. लाल कनात, पिवळी झालर. मांडववाल्यानं तो ठेका सरकारकडून घेतला होता. बाहेर बसणाऱ्यांकडून तो स्वतः घ्यायचा, आत अडकवलेल्यांचं सरकार द्यायचं, आणि जेवण घरच्यांनी त्याच्याकडूनच घ्यायचं, कारण बाहेरचं अन्न आत जाऊ देत नसत. काकीची भाकऱ्यांची टोपली दोरीशी काढून घेतली. मड्डमला त्यानं काही सांगून ठेवलं होतं असं मी म्हणत नाही. मला ठाऊक नाही, आणि जे ठाऊक नाही ते मी लिहीत नाही. त्याला सांगायची गरजच नव्हती. माणूस गेला तरी त्याला मिळत होतं, अडकला तरी मिळत होतं.

तो मला दोरीशी भेटला. "काळजी करू नका. काकूंना चांगल्या गादीवर ठेवतो. ती शेठजींच्या मुलीच्या लग्नातली गादी आहे."

मी त्याला काय बोललो ते इथे लिहीत नाही. तो शांतपणे ऐकत राहिला आणि म्हणाला, "हे तुमच्या पत्रकात नव्हतं."

बोटीवर चढण्यासाठी हाका सुरू झाल्या. पुढच्या बोटीनं गेलं तरी पालखी आमच्या अंगणातून पुढे गेलेली असणार, हे काकीला माहीत होतं, मलाही. साचेवाला दोरीशी येऊन उभा राहिला. त्याच्या खांद्यावर वळकटी होती.

काकीनं कनवटीची किल्ली काढली. तिच्याकडे एकदा बघितलं आणि दोरीवरून त्याच्या हातात दिली.

"पलीकडचीला दे."

साचेवाला हातातल्या किल्लीकडे बघत राहिला. "मावशी, मी उघडतो की दार. नाहीतर माझी आई उघडेल. पलीकडचीला कशाला? तिनं किल्ली विहिरीत टाकली तर तिचाच फायदा हाय."

"तुझी आई आमच्या कुळातली हाय काय? ओटी घरच्या सवाशिणीनं भरायची असते. आता घरात तीच हाय."

"आणि नाय उघडलान् तर?"

शिपाई साचेवाल्याला ओरडत होता.

"तिला म्हणावं, देवी वळून जाऊ देऊ नको. मान तू घे म्हणावं, माझा नको. पण आमच्या दारातून घे."

एवढं बोलून ती मागे फिरली आणि जाऊन गादीवर बसली. साचेवाल्यानं किल्ली डोक्याला लावली आणि मुंडाशाच्या आत खोचली. जाताना मला म्हणाला, "तू भाकऱ्या तरी खा." टोपली शिपायांनी कुठे टाकली होती ते मला शेवटपर्यंत सापडलं नाही.

बोट गेली. मी दोरीशी उभा राहिलो. तिच्या वाटेवरचं सगळं माझ्या मनात तिच्यामागून चाललं: खाडीत शिरताना लागणारा तो गोडसर चिखलाचा वास, धक्क्यापासूनची दोन बांधांमधली पांदीची वाट, आणि दाराच्या चौकटीवरची खाच, जिच्यात मी लहानपणी चिंचोके लपवून ठेवायचो. मला तिथे जायचं होतं. मी आयुष्यात इतकं काही मागितलेलं नाही, आणि ते मागायचं कुणाकडे हे मला अजून कळलेलं नाही. मांडववाल्याकडे?

काकीला ताप आला नाही, अर्थातच. चुलीपासून दूर बसल्यावर डोळेही निवळले. मी पहिल्यांदा तिचे डोळे पांढरे पाहिले आणि ती मला कुणीतरी दुसरीच बाई वाटली. तिला सोडलं तेव्हा शिमगा होऊन गेलेला होता. त्या मांडवात तिच्याबरोबर वेगवेगळ्या गावच्या बाया होत्या आणि ती सगळ्यांशी ओळख करून बाहेर आली. एकीला तर तिनं आमच्या गावचं एक स्थळ सुचवलं. लग्नाचा मांडव म्हणजे त्यानं काहीतरी कामाला यायला नको का, म्हणाली.

लालबागेत आल्यावर तिनं खोली झाडली आणि चूल पेटवली. मुकादम त्याच दिवशी दोन माणसं घेऊन आला.

साचेवाला पाऊस संपल्यावर परतला. जेवायला बसला आणि मुद्दाम गप्प राहिला. काकीनं वाढलं आणि ती समोर बसली. ती जेवणाऱ्यासमोर कधी बसत नसे.

"बोल की मेल्या."

"आधी भात वाढ."

तिनं भात वाढला.

खाडीच्या तोंडाशी त्यांना वाळूत अडकवून ठेवलं होतं. मुंबईची माणसं, गावात येऊ नका. गावचे पलीकडच्या बांधावर उभे राहून बोलायचे. किल्ली त्यांनी एका काठीच्या टोकाला अडकवून नेली आणि उकळत्या पाण्यात घातली. ती पलीकडचीला पोचली. तिनं निरोप ऐकला. दुसऱ्या दिवशी आमचं घर सारवलेलं दिसलं. पालखी आली तेव्हा दार उघडं होतं, आत दिवा होता. पलीकडची आमच्या उंबऱ्यातून उतरली, ओटी भरली, आणि गाऱ्हाण्याच्या वेळी गुरवानं तिचं नाव घेतलं तेव्हा त्याला थांबवून म्हणाली, आधी मुंबईच्या थोरल्या जावेचं घे. हे साचेवाल्यानं पाहिलेलं नाही. तो वाळूतच होता, त्याला नुसता ढोल ऐकू आला. पण पाहणाऱ्यांनी सगळ्यांनी तेच सांगितलं.

काकीनं पदर डोळ्याला लावला नाही. ती म्हणाली, "दूध होतं काय रे घरात तिच्या, पालखीबरोबरच्यांना द्यायला?"

"होतं. गूळ घालून दिलंन्."

"आणि किल्ली?"

साचेवाल्यानं घास गिळला. "नाय दिलान्. म्हणाली, तिला सांग, येऊन घेऊन जा."

काकी उठून चुलीकडे गेली. बराच वेळ ती राख सारखी करत राहिली. मग म्हणाली, "बरोबर हाय तिचं."

त्याला आता दोन शिमगे होऊन गेले. दार दरवर्षी उघडतं असं कळतं. मान कुणाचा ते गावकीनं ठरवलेलं नाही. कुणी विचारलेलं नाही, बहुधा. काकी अजून गेलेली नाही. पहिल्या वर्षी पुन्हा ताप आणि पुन्हा दोरी. मागच्या वर्षी बोटींचे भाव चढे, आणि मुकादमानं दुष्काळातून निघालेली घाटावरची माणसं आणली होती, हाडांचे सापळे. त्यांना सोडून जायचं कसं? मुकादम त्यांच्यामागेही दस्तुरी घेतो. मांडववाल्याची लग्नं पुन्हा सुरू झाली आहेत आणि तो छापखान्यात येतो, मला नमस्कार करतो, विचारतो, "काय लिहिताय सध्या?" मी अजून त्याच्यावरच लिहितो. तो अजून तसाच हसतो.

मी तिला म्हटलं, चल, आपण दोघं जाऊ, पत्रक वगैरे गेलं खड्ड्यात. तिनं माझ्याकडे बघितलं, जसं खानावळीत जेवून पैसे बुडवणाऱ्याकडे बघते तसं.

"तू तुझं काम कर. मी जाईन तेव्हा जाईन."

भिंतीतला खिळा तसाच आहे. दिवेलागणीला तिचं बोट सवयीनं तिकडे जातं, मध्येच थांबतं आणि तसंच कपाळाला टेकतं. परवा घाटावरच्या एका नव्या गड्यानं येऊन आपली टोपी त्या खिळ्यावर अडकवली आणि पाटावर बसला. काकीनं पळी खाली ठेवली.

"काढ ती."

"का मावशी? खिळा रिकामाच होता."

"काढ म्हटलं ना. तिथं किल्ली असते."

त्यानं भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग टोपी काढून मांडीखाली घेतली. काकीनं त्याला वाढलं.